लख्ख घासलेला समुद्र

बार्शीत समुद्र नाही. तरीही केळुसकरांच्या दिवाणखान्यात एक होता, दोन फूट लांब आणि फूटभर उंच. वसुबारसेच्या सकाळी तो इतका नितळ दिसत होता की काचेच्या पेटीत पाणी आहे की नाही, हेही कळू नये. काचेला डाग नाही, दगडांवर शेवाळ नाही. आणि एवढ्या स्वच्छ पाण्यात दोन मासे वरच्या कडेला तोंड लावून धापा टाकत होते.

"घाण पाण्यात मासा गुदमरला तर समजू शकतो," नाना काचेला नाक लावून म्हणाले. "पण ह्या पाण्यात?"

वैजयंती, म्हणजे घरादाराची वैजू, त्यांच्या मागे उभी होती. मासे का गुदमरतात, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आपण काय केलंय ते मात्र चांगलंच ठाऊक होतं, आणि तिचे कान तापले होते.

नाना म्हणजे तिचे आजोबा. त्यांनी वेंगुर्ल्याला आयुष्यभर समुद्राचा अभ्यास केला आणि निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे बार्शीला आले. इथे त्यांना समुद्रावाचून करमेना. मग नातीला हाताशी धरून त्यांनी हे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय मांडलं. गाळलेल्या पाण्यात समुद्री क्षार (समुद्राच्या पाण्यात असतात ती सगळी मिठं, नुसतं स्वयंपाकाचं मीठ नव्हे) विरघळवले. खारटपणा मापकाने मोजला. पाणी कोमट ठेवणारी विजेची कांडी बसवली, पाणी खेळवणारा पंप आणि त्याला गाळणीचा स्पंज लावला. तळाशी समुद्रातले ओबडधोबड दगड रचले.

आणि मग काहीच नाही! श्रावण संपला, गणपती आले आणि गेले, तरी टाकीत मासा नाही. वैजूने भुणभुण करून घर डोक्यावर घेतलं.

"नाना, लोक विचारतात, तुम्ही पाणी पाळलंय का म्हणून!"

"थांब गो चेडवा," नाना म्हणायचे. लाडात आले की त्यांच्या तोंडी वेंगुर्ल्याची बोली यायची आणि मुलीचं 'चेडू' व्हायचं. "टाकी तयार होऊंदे." टाकी तयार होते म्हणजे काय होतं, ते त्यांनी सांगितलंही होतं. पण बाईसाहेबांचं सगळं लक्ष माशांच्या फोटोंकडे होतं.

शेवटी झेंडू आणि अबोली आले. पांढऱ्या पट्ट्यांचे, केशरी रंगाचे दोन विदूषक मासे. वैजूचा आनंद गगनात मावेना.

मग दिवाळीच्या तोंडावर नाना एका लग्नासाठी वेंगुर्ल्याला गेले. "खायला चिमूटभर घाल, आणि दगडांना हात लावू नको," एवढं बजावून टाकी त्यांनी नातीच्या ताब्यात दिली.

इकडे घरात दिवाळीची साफसफाई निघाली. पंखे पुसले, माळ्यावरचे डबे खाली आले, पितळेची भांडी चिंचेने घासून चकचकीत झाली. आणि दिवाणखान्याच्या मधोमध ही टाकी, तपकिरी, बुळबुळीत दगडांची! पाहुणे आले की काय म्हणतील? वैजूने मासे बादलीत ठेवले, दगड कढत पाण्यात बुडवले, काथ्याने खसाखसा घासले आणि उन्हात वाळवले. स्पंजही त्यातच. मग टाकीतलं जुनं पाणी फेकून पिंपात तयार असलेलं सगळं खारं पाणी तिच्यात ओतलं. घरकामाचा यंत्रमानव बाबल म्हणाला होता, "नानांनी नाही म्हटलंय." वैजूने त्यालाच गप्प बसवलं होतं.

"टाकीला कुणी हात लावला होता?" लग्नाहून आज सकाळीच परतलेल्या नानांनी आता विचारलं.

"मी नाही," वैजूच्या तोंडून पटकन निघून गेलं.

नाना बाबलकडे वळले. त्या काळी घरगुती यंत्रमानवांसाठी एक कायदा होता. घरातल्या माणसाने काय केलं, ते त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला सांगायचं नाही. बाबल कायद्याला पक्का होता. तो वळला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "वैजूताई, सांगू का?"

चकल्या पाडणाऱ्या आईचा सोऱ्या हातातच राहिला. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वैजूला झालं.

"नको," ती पुटपुटली.

नाना टाकीकडे वळले. ते कांडी तपासू लागले. मग पंप उघडून पाहिला. मग खारटपणा मोजला. सगळं ठीक होतं, आणि या ठीक असण्यात वेळ चालला होता. एवढ्यात झेंडू एका कुशीवर कलंडला.

"मी घासले!" वैजू किंचाळली. "दगड, स्पंज, सगळं कढत पाण्यानं! मीच, नाना!"

नानांनी डोळे मिटले. क्षणभरच. "बाबल, गाळलेलं पाणी आण, आणि क्षारांची पिशवी. वैजू, तू ढवळ. रडायचं नंतर."

तिच्या हातात रवी देऊन त्यांनी टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी गडद हिरवं झालं.

"हा अमोनिया (माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाण्यातून पाण्यात उतरणारं विष). डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाणी नितळ वाटतं. माशाचे कल्ले (पाण्यातला प्राणवायू घेणारे अवयव) त्याने पोळतात."

"मग आधी का नाही पोळले?"

"आधी तुझ्या दगडांवर आचारी बसले होते. जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव). त्यांची एक जात अमोनिया खाते आणि त्याचं नायट्राइट करते. तेही विषच. मग दुसरी जात ते नायट्राइट खाते आणि त्याचं नायट्रेट करते. ते थोडं असलं तर माशांना चालतं, वाढलं की आपण थोडं पाणी बदलतो. दोन्ही जाती वाढायला आठवडेच्या आठवडे लागतात. आपण पाणी पाळत नव्हतो गो, त्यांना पाळत होतो."

वैजूची रवी थांबली. "तो बुळबुळीत थर?"

"त्यातच होते ते."

आपण काथ्याने काय खरवडून काढलं, ते तिला आता कळलं.

क्षार पुरते विरघळून पाणी कोमट झाल्यावर नानांनी टाकीतलं निम्मं पाणी हळूहळू बदललं. विष निम्म्यावर आलं. पण ते खाणारे कुठून आणायचे?

"कुणाकडे जुनी, मळकी खारी टाकी आहे?" नानांनी विचारलं.

होती. मागच्या गल्लीतल्या दुर्वा गव्हाणेकडे. तिच्या टाकीला वैजूने वर्गात सगळ्यांसमोर 'गटार' म्हटलं होतं, आणि सगळी मुलं खो खो हसली होती.

"फोन करू?"

"तू जा," नाना म्हणाले.

दार दुर्वानेच उघडलं. वैजूने पायांकडे बघत सगळं सांगितलं, 'मी नाही' म्हटल्याचंसुद्धा. "तुझ्या टाकीतला एक मळका दगड हवाय," ती म्हणाली.

"गटारातला?" दुर्वाने विचारलं.

वैजूला मान वर करवेना. दुर्वा आत गेली आणि टाकीच्याच पाण्याने भरलेल्या डब्यात एक तपकिरी दगड घेऊन आली. "दोघी मिळून धरू. पाणी सांडलं तर ते जीव वाळतील," ती म्हणाली आणि चपला न घालताच निघाली.

दगड टाकीत गेला तेव्हा अबोली अजून धापा टाकत होती. झेंडू तळाशी पडला होता. तो पुन्हा उठला नाही.

संध्याकाळी अंगणातल्या प्राजक्ताखाली त्याला पुरल्यावर वैजू म्हणाली, "नाना, मला रागवा ना."

"राग आलाय मला. पण मीही चुकलो. दगडांना हात लावू नको म्हटलं आणि का, ते तुला कळलंय की नाही ते पाहिलं नाही." नानांनी प्राजक्ताखालची माती सारखी केली. "माझे विद्यार्थी चंद्रावरच्या वसाहतीत मत्स्यशेती करणार आहेत. पहिल्या यानातून काय जाणार, सांग बघू? मासे नव्हे. असे मळके दगड. जपून न्यायला माणसं लागतील."

आपल्याला कोण नेणार, असं वैजूच्या मनात आलं. पण ती आत गेली आणि तिने पाणी तपासलं. त्यानंतर रोज तपासत राहिली.

भाऊबीजेला अबोली दगडांमधून हिंडू लागली होती. लेकीचं तोंड उतरलेलं बघून बाबा म्हणाले, "चल, दुसरा मासा आणू."

वैजूने नळी उजेडात धरली. पाण्याला अजून हिरवट झाक होती. "नको बाबा. आत्ता एका अबोलीपुरतेच जिवाणू आहेत. ते वाढू देत."

"बरं. मग पुढे आणू."

"पुढे आणू," ती म्हणाली. "पण त्याचं नाव झेंडू नाही ठेवायचं."