रिकामा आणलेला पाळणा

पावसानं लाईट घालवली आहे, ती काय आता लवकर येत नाही. फोन ठेवा खिशात आणि इकडं सरकून बसा. ऋतुराज, तू उद्या आत्याकडचा पाळणा आणायला निघालायस म्हणे, म्हणून सांगतोय. आधी आत जाऊन बघ, तुझी मोना झोपली का? झोपली? मग बरं. तिच्या कानावर हे जायला नको. तिचा सातवा चालू आहे.

सम्राट आत्तापासूनच हसायला लागला.

"काका, मागं तुम्ही रंकाळ्यात मगर बघितलीती."

"बघितलीती की. तिनं पण मला बघितलं. तो विषय वेगळा."

मगरीचं माझं होतं, हे शशिधरचं आहे. माझ्या शेजारच्या गाळ्यात पंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो तो. गरज नसेल तर गिऱ्हाईकाला वॉशरसुद्धा विकत नाही. असल्या माणसाला थापा जमत नाहीत, त्याला जरा कल्पकता लागते.

तर त्याच्या घरी पोरगी चार वर्षांची, शिवांजली. पोरगा दोन वर्षांचा, बसवेश, त्याला सगळे बसू म्हणतात. आणि बायकोला, विद्याश्रीला, तेव्हा आठवा सरत आलेला. हाताशी घरात म्हातारं माणूस कुणी नाही. पोरगी गोष्टीशिवाय घास गिळत नाही, पोरगा कडेवरनं उतरत नाही. एकाचा खोकला थांबला की दुसऱ्याचा सुरू. शशिधर दुपारी गिऱ्हाईकाशी बोलता बोलता डोळे मिटायचा. विद्याश्रीनं एकदा आमटी ढवळता ढवळता भिंतीला टेकून झोप काढली होती, पळी हातात तशीच. घरातली सगळी माणसं एका वेळी झोपलीत, असं त्या घरात वर्षभर घडलं नव्हतं.

मागच्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या, तिथनं पुढं पौष. विद्याश्रीचे दिवस संक्रांतीच्या आसपास भरत होते, आणि पौषात पाळणा उंबऱ्याबाहेर काढायचा नाही, हा शशिधरच्या थोरल्या बहिणीचा नियम. तिला तो अक्का म्हणतो, ती त्याला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. बिद्रीच्या पुढं राहते. तिची पाच पोरं आणि शशिधरची दोन, सगळी एकाच पाळण्यात वाढली. पोर मोठं झालं की पाळणा परत अक्काकडं. एरवी तिचे मालक टेंपोत घालून आणून द्यायचे. त्या आठवड्यात त्यांचा पाय मुरगळलेला.

"तम्मा, आज न्यायचा तर ने," अक्काचा फोन आला. "न्हाईतर पौष सरल्याबिगर मी देणार न्हाय."

शशिधरनं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि मोटारसायकल काढली.

अक्कानं पाळणा पुसून ठेवला होता. आत दुपटं अंथरलं, आणि दुपट्यावर पाट्याचा वरवंटा निजवला. त्याला टोपडं घातलं. बारशाला बायका बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात ना, तसं.

"हे काय अक्का? गाडीवर दगड?"

"पाळणा रिकामा न्हेऊ नये. घरात पोचलास की विद्याच्या हातानं उचलून खाली ठेवायचा. मधी हात लावायचा न्हाय."

"बरं बरं."

"बरं बरं न्हवं. ऐकलास काय?"

"ऐकलं की."

जेवून निघाला तेव्हा दहा वाजत आले होते. पाळणा मागच्या सीटवर आडवा, सायकलच्या ट्यूबनं आवळलेला. गळीत हंगाम ऐन भरात. उसाच्या ट्रॉल्या दोन दोन जोडलेल्या, मागं लाल दिव्याचा पत्ता नाही. हवेत मळीचा आंबूस वास. आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला वरवंटा फळीवर आपटायचा. ठक्. परत ठक्. पहाटेपासून जागा असलेला माणूस, त्या आवाजानं त्याचं डोकं उठलं.

बिद्रीच्या अलीकडं एका वळणावर त्यानं गाडी थांबवली. ऊसतोडीची टोळी तिथनं नुकतीच उठली असावी. खोपी मोडलेल्या, चुलीचे दगड काळे. बाभळीला पोराच्या झोळीची दोरी तेवढी लोंबत होती. शशिधरनं वरवंटा उचलला आणि टोपड्यासकट गाडीच्या साइड बॅगेत टाकला. दगड बरोबर आहे ना? मग पाळण्यात काय आणि बॅगेत काय.

"मी पण असंच केलं असतं," ऋतुराज म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय, गाढवा."

गाडी सुरू केली. ठक् थांबलं होतं. बरं वाटलं त्याला. पण पुढं चढ लागला आणि गाडी ओढेना. दुसरा गिअर टाकला, मग पहिला. मागचं चाक दबल्यासारखं. पंक्चर असेल म्हणून उतरून बघितलं, हवा बरोबर. पाळण्यात मोबाईलची बॅटरी मारली. दुपटं, बाकी काही नाही. परत निघाला. गाडी जडच. डबलसीट असल्यासारखी.

घरी पोचला तर विद्याश्री दारातच उभी. बसू कडेवर रडतोय, शिवांजली पदर धरून.

"किती उशीर ओ? उभ्या उभ्या डोळं मिटाय लागलंत माझं."

पाळणा आत आणला, कडीला साखळ्या अडकवल्या. वरवंटा बॅगेतच राहिला. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आणि पाळणा कडीला लागला तसा बसू गप्प झाला. एकदम. शिवांजली गोष्ट न मागता चटईवर आडवी झाली. बघता बघता दोघंही गाढ.

नवराबायकोनं एकमेकांकडं बघितलं. का झोपली, असं दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. झोपली, तेवढं पुरे होतं.

"दिवा घालवा," विद्याश्री कुजबुजली. "आन् श्वास पण हळू घ्या."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शशिधरला जाग आली तेव्हा ती अंथरुणात बसलेली. दोन्ही हात पोटावर.

"काय झालं?"

"हलंना."

"झोपलं असंल."

"रात्रीचं हे कधीच झोपत न्हाय. तुम्ही आल्यापासनं एकदा बी हललं न्हाय ओ."

शशिधरनं डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, गार पाणी पिऊन डाव्या कुशीवर झोपू दे, अर्ध्या तासात हललं नाही तर थांबू नका, घेऊन या. विद्याश्री पाणी प्याली. कुशीवर झाली. दोघं वाट बघत राहिले. खोली गप्प. पोट गप्प.

आणि मग...

कुर्र.

कुर्र.

पंखा बंद. खिडकी बंद.

पाळणा हलत होता.

"तुम्ही झोका दिलासा?"

"न्हाय."

ती उठून बसली. पाळण्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात...

"वरवंटा कुठाय?"

शशिधर साखळ्या चाचपायला लागला.

"अहो, मी काय विचारलं?"

"बॅगेत."

"कुठनं?"

"बिद्रीपासनं."

ती ओरडली नाही. ओरडायलासुद्धा ताकद लागते. नुसती त्याच्याकडं बघत राहिली. शशिधर म्हणतो, त्यापेक्षा तिनं पळी फेकून मारली असती तर बरं वाटलं असतं.

तो उठला. पाळण्यात हात घातला.

आत कुणी नव्हतं. दुपटं मधोमध दबलेलं.

आणि गरम.

त्यानं अक्काला फोन लावला, स्पीकरवर. अडखळत सगळं सांगितलं.

"हलतोय?"

"व्हय."

"म्हंजे जागं हाय. जागं असताना उचलू नको तम्मा. रडलं तर घर सोडणार न्हाय. आधी झोपवा. झोपलं की जिथनं घेतलंस तिथं न्हेऊन ठेव, पाळण्यासकट. मला परत नगं त्यो."

"आन् विद्याचं पोट?"

अक्का आता कुजबुजत बोलली.

"ते झोपल्याबिगर हे हलायचं न्हाय."

मग शशिधरनं पाळण्याची दोरी धरली. झोके दिले. पोरांना म्हणायचा ती सगळी गाणी म्हणून झाली. पाळणा थांबेना. उलट हिसके द्यायला लागला. दोरी हातातनं सुटेल इतके. साखळ्या तटतटल्या. विद्याश्री पोटावर हात ठेवून बसलेली... एकदा मान हलवली तिनं. नाही. अजून नाही.

अर्धा तास सरत आला होता. शशिधर रिक्षावाल्याला फोन लावायला लागला.

विद्याश्री भिंत धरून उठली.

"ते असं झोपायचं न्हाय."

"मग?"

"उपाशी पोरगं झोपतंय व्हय कधी?"

"तुला काय म्हाईत..."

"माझं तिसरं हाय. मला शिकवू नका." तिनं पदर खोचला. "रिक्षाला या म्हणून सांगा. पोरांना उचला, आन् भायेर व्हा."

"विद्या..."

"दार ओढून घ्या."

शशिधर दोन झोपलेली पोरं घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. अंधारात. एक या खांद्यावर, एक त्या.

आतनं साखळीचा आवाज.

कुर्र... कुर्र...

कुर्र...

मग तोही नाही.

त्यानं दाराला कान लावला.

काहीच नाही.

"हस की सम्राट आता," मी म्हणालो.

सम्राट हसला नाही.

दार उघडलं. विद्याश्रीचा चेहरा चुन्यासारखा. पदर गळ्यापर्यंत घट्ट ओढलेला. "झोपलं," ती म्हणाली. "हळू उचला." आणि मग तिचा हात पोटावर गेला, ती उंबऱ्यातच मटकन खाली बसली.

"हललं. अहो... हललं!"

रिक्षा आली. शेजारच्या बायडाबाईंना उठवून पोरांजवळ बसवलं. त्यांचा कृष्णात नावाचा पोरगा विद्याश्रीला घेऊन दवाखान्यात गेला. तिनंच तसं करायला लावलं. नवऱ्याला म्हणाली, "माझ्या मागं येऊ नका. त्याला पोचवून या आधी. वाटेत उठलं तर?"

झोपलेलं पोर मांडीवरनं अंथरुणावर कसं न्यायचं, हे दोन पोरांच्या बापाला शिकवावं लागत नाही. शशिधरनं तसाच श्वास धरून पाळणा गाडीवर बांधला. गाडी जडच होती. सगळी वाट त्यानं तिसरा गिअर टाकला नाही. प्रत्येक स्पीडब्रेकरवरनं पाय टेकवत टेकवत गाडी उतरवली. हॉर्न वाजवला नाही. समोरनं ट्रॉली आली की हाच कडेला थांबायचा, आवाज लांब जाईपर्यंत.

ते वळण आलं. ती बाभळ. त्यानं पाळणा खाली ठेवला, आणि गाडीला हात लावला तर गाडी एकदम हलकी.

मी विचारलं त्याला, "मागं वळून बघितलास का न्हाय?"

"बघितलं की," शशिधर म्हणाला. "थोडं पुढं गेल्तो, परत आलो. थंडी लई होती ओ. दुपटं वरनं पांघरायचं राहिलंतं."

पांघरलं. आणि मग तो तडक दवाखान्यात गेला. मशिनवर बाळाचे ठोके टाक टाक टाक वाजत होते, आणि विद्याश्री पलंगावर डाव्या कुशीवर घोरत होती. त्यानं तिथल्याच बाकावर अंग टाकलं. पाळण्याचं पुढं काय झालं ते बघायला कुणी गेलं नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. ठणठणीत.

ऋतुराजनं मोठा सुस्कारा सोडला. "म्हंजे संपलं न्हवं?"

"शशिधरचं संपलं."

"म्हंजे?"

त्या बंद दारामागं काय झालं, ते विद्याश्रीनं नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पुढचं आहे ते तिनं तुमच्या काकूला सांगितलं, आणि काकूनं मला. हे बाईमाणसाचं आहे, माझ्या तोंडी शोभत नाही, पण ऋतुराज, तू बाप व्हायला निघालायस.

पोरगी आता सात महिन्यांची आहे. गुटगुटीत. पण पहिल्या दिवसापासून ती एकाच बाजूला पिते. उजव्या. डावीकडं घेतली की तोंड फिरवते. रडत नाही, हट्ट नाही. नुसतं तोंड फिरवते, दुसऱ्याच्या ताटातलं आपण घेत नाही तसं. डॉक्टरबाई म्हणतात, असतात काही बाळं अशी, काळजी करू नका. दूध मात्र दोन्हीकडं येतं. रात्री झोपताना डावी बाजू दगडासारखी दाटलेली असते. ठणकते. विद्याश्री तशीच झोपते. तीन पोरांची आई ती, पडल्या पडल्या मेल्यासारखी झोपते.

पहाटे उठते तेव्हा झंपर कोरडा असतो. अंथरूण कोरडं असतं.

आणि डावी बाजू रिकामी.