तिसऱ्या मजल्यावरचा ग्राहक

मी बावीस वर्षं मोबाइल नेटवर्कमध्ये काम करते आहे. लोकांना वाटतं, उल्काताई टॉवरवर चढतात. मी चढत नाही. मी खाली गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते आणि वर चढणाऱ्यांवर ओरडते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला भोळीभाबडी समजायला नको. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर दारातूनच परत पाठवत आले.

यंदा मार्चमध्ये आमच्या कंपनीने आमच्या भागातली जुनी सेवा बंद केली आणि फाइव्ह-जी चालू करायला घेतलं. सदाशिव पेठेतली एक साइट माझ्या वाट्याला आली. क्लासच्या एका इमारतीची गच्ची, त्यावर तीन नवे अँटेना. समोर, बोळाच्या पलीकडे, आमची ‘हेमप्रभा’ सोसायटी होती. होती म्हणजे जानेवारीपर्यंत होती. आता तिथे पत्रे, हिरवी जाळी आणि पार्किंगसाठी खणलेला वीस फुटी खड्डा आहे.

हेमप्रभाच्या तिसऱ्या मजल्यावर माझे बाबा एक्केचाळीस वर्षं राहिले. बारापैकी अकरा बिऱ्हाडांनी पुनर्विकासाला सह्या केल्या, बाबांनी दोन वर्षं केली नाही. बिल्डर आला, चेअरमन आले, बाबांचा शाळेतला जुना विद्यार्थी म्हणून एक वकील आला. बाबांनी सगळ्यांना उभ्याउभ्याच वाटेला लावलं. शेवटी मीच मागे लागले. बाबा, लिफ्ट येईल. बाबा, तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. बाबांनी पेन उघडलं आणि म्हणाले, “सही तुझ्यासाठी करतोय. घर सोडलेलं नाही.” मी म्हटलं, बरं बाबा. म्हाताऱ्या माणसाला आपण म्हणतो तसं.

मग मी त्यांना बिबवेवाडीला माझ्याकडे आणलं. त्यांचा बटणांचा जुना फोनही आला. सेवा बंद होणार असल्याचे मेसेज त्यावर रोज येत होते. नवा फोन घ्यायला बाबांनी साफ नकार दिला. “ते बंद करतायत, मी नाही,” म्हणाले. सेवा बंद झाली, फोन मुका झाला, बॅटरी फुगली म्हणून मीच ती काढून टाकली. फोन कपाटावर पडून राहिला.

आता नवा अँटेना काय करतो, ते दोन वाक्यांत सांगते. जुना अँटेना रस्त्यावरच्या दिव्यासारखा, सगळीकडे सारखाच उजेड. नवा मात्र जिथे फोन असेल तिथेच झोत वळवतो आणि फोन हलला की झोतही हलतो. कुठला झोत कुठे चाललाय, किती अंतरावर, किती उंचीवर, ते मला लॅपटॉपवर दिसतं. प्रत्येक झोत खऱ्या फोनवर जातोय याची खात्री झाली की मी सही करायची, मग साइट लोकांसाठी खुली.

मंगळवारी दुपारी एक वाजता एक झोत हेमप्रभाच्या खड्ड्यावर गेला. अंतर एकवीस मीटर, जमिनीपासून उंची दहा मीटर. तिथे हवा होती.

ऑफिसात नकाशे सांभाळणाऱ्या चैतालीला मी लगेच फोन लावला. “चैताली, तुझ्या नकाशात हेमप्रभा अजून उभी आहे का गं?”

“अय्या, हो मॅडम! अपडेट करायचं राहूनच गेलं.”

“राहून गेलं? अख्खी इमारत पडली, धुळीने अर्धी पेठ खोकली, आणि तुला पत्ता नाही!”

ही चूक आमच्याकडे नेहमीची. नकाशात पाडलेली इमारत राहते आणि यंत्र तिच्या हिशेबाने चालत बसतं. मी स्वतः तो नकाशा दुरुस्त केला, इमारत पुसली, आणि निवांत घरी गेले.

बुधवारी एकच्या ठोक्याला झोत पुन्हा तिथेच. बरोबर चार वाजता तो मिटला. एक ते चार. सदाशिव पेठेत ही वेळ कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

गुरुवारी मी गच्चीवर गेले. आमच्याकडे अंतर मोजायचं लेझरचं छोटं यंत्र असतं. पावणेएकला मी ते खड्ड्यापलीकडच्या भिंतीवर धरलं. अडतीस मीटर साठ. बरोबर होतं. ऊन रणरणत होतं, खालून ओल्या मातीचा आणि डिझेलचा वास येत होता. जेवणाची सुट्टी झाल्याने खड्ड्यात चिटपाखरू नव्हतं. एक वाजून दोन मिनिटांनी मी तेच यंत्र त्याच भिंतीवर, त्याच जागेवरून धरलं.

एकवीस मीटर दहा.

मी यंत्र पुसलं. पुन्हा धरलं. एकवीस दहा. हातभर डावीकडे सरकवलं तर अडतीस साठ, उजवीकडे परत एकवीस दहा. मला सरळ भिंत दिसत होती, भिंतीवरची क्लासची जाहिरात वाचता येत होती, आणि लेझर मध्येच कशावर तरी आपटत होता. खोटं कशाला बोलू, मी जिना उतरताना कठडा घट्ट धरला होता.

गाडीत बसून मी चैतालीला तो झोत कुठल्या ग्राहकाच्या नंबरवर जातोय ते काढायला सांगितलं. ती नंबर वाचू लागली. शेवटचे चार आकडे तिच्या आधी मीच म्हटले.

“मॅडम, तुम्हाला माहितीये हा नंबर?”

“जुना ग्राहक आहे,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बाबांचा फोन या नेटवर्कला लागणं शक्यच नव्हतं. त्याच्यात ती सोयच नाही. शिवाय बॅटरी नसलेला फोन बिबवेवाडीत कपाटावर होता.

संध्याकाळी मी बाबांची काळजी घेणाऱ्या आनंदीबाईंना विचारलं, बाबा दुपारी काय करतात.

“झोपत्यात की. एकला आडवं झालं की चारला डोळं उघडायचं. हाक मारा, हलवा, काय बी नाय. पर ताई, तोंड लई हसरं ऱ्हातंय बघा झोपेत. जागंपणी कुठं हाय तसं?”

नव्हतंच. जागेपणी बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. दोन घास खायचे, तेही माझ्या धाकाने. माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत कधी, आणि तेच मला जास्त लागायचं.

शुक्रवारी मी एक गोष्ट केली, तिची मला अजून लाज वाटते. दुपारी सव्वादोनला मी त्या नंबरला साइटवरून ब्लॉक केलं. फक्त तपासायला. झोत मिटला. लेझर धरला, अडतीस साठ. मी मोठा श्वास घेतला, आणि तेवढ्यात आनंदीबाईंचा फोन आला.

“ताई, बाबा उठून बसल्यात! श्वास घेता येईना त्यांना. ओठ निळं पडल्यात. सारखं म्हणत्यात, दार कुणी लावलं, दार कुणी लावलं!”

मी ब्लॉक काढला. घाईत दोनदा चुकलं.

“झोपलं बघा परत,” आनंदीबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. “आता बरं हाय.”

शनिवारी साहेबांचा फोन आला. आमचा साहेब पुष्कर, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. वाईट नाही, पण त्याला सगळं आजच हवं असतं.

“मॅडम, सोमवारी लॉन्च आहे. तुमची एकच साइट अडकलीये. एक हँडसेट आहे ना? ब्लॉक करा, रिपोर्ट क्लीन जाईल.”

“ग्राहक आहे तो. ग्राहकाला सेवा द्यायची असते, हाकलायचं नसतं.”

“अहो, तिथे बिल्डिंगच नाहीये!”

“ते ग्राहकाला सांग.”

“मॅडम, प्लीज. उद्या संध्याकाळी सहापर्यंत तुमची सही आली नाही, तर मी स्वतः इथून ब्लॉक करतो.”

“करून तर बघ,” मी म्हटलं. बावीस वर्षांत साहेबाला अरेतुरे करून असं पहिल्यांदाच बोलले. बरं वाटलं.

रविवारी आनंदीबाईंची सुट्टी. बाबा वरणभात व्यवस्थित जेवले, लिंबाची फोड मागून घेतली. एक वाजता आडवे झाले. मी खाटेशी खुर्ची ओढली आणि लॅपटॉप उघडला. झोत आला. एकवीस मीटर, तिसरा मजला. समोर बाबांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

चार वाजले. बाबा उठले नाहीत.

साडेचार. पाच. मी हाका मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं. श्वास चालू होता, संथ, खूप लांब लांब. समोरच्या डॉक्टरांचं दार वाजवलं, कुलूप होतं. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती स्वारगेटला अडकली होती. झोत जागचा हलत नव्हता.

मला संताप आला. त्यांचा, माझा, पुनर्विकासाच्या त्या सहीचा. मी त्यांचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा नंबर लावला.

रिंग गेली. कपाटावरचा फोन गप्प होता.

“हॅलो,” बाबा म्हणाले.

खाटेवर त्यांचे ओठ मिटलेले होते.

“बाबा?”

“ही काय फोन करायची वेळ आहे?”

“बाबा, पावणेसहा झालेत.”

“असं होय. मग बोल.”

“बाबा, घरी या.”

“घरीच आहे.”

“अहो, मी तुमच्याजवळ बसले आहे. तुमचा हात धरलाय मी.”

फोनवर त्यांच्या मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“तो राहू दे तुझ्याकडे,” बाबा म्हणाले.

मांडीवरचा ऑफिसचा फोन वाजला. पुष्कर. मी बाबांचा कॉल मान वाकडी करून खांद्याशी दाबला आणि तो दुसऱ्या कानाला लावला.

“मॅडम, सहा वाजतायत. सही करताय की मी ब्लॉक करू?”

ब्लॉक केलं की बाबा या खाटेवर उठून बसले असते. निळे ओठ, धपापणारी छाती, दार कुणी लावलं. मग पुन्हा ती भिंत. पण बसले असते, माझ्या घरात, माझ्यासमोर. मला ते हवे होते. देवाशप्पथ, इतके हवे होते.

“त्या नंबरला हात लावायचा नाही,” मी म्हटलं. “मी सही करते आहे. रिपोर्टमध्ये लिहिते, तिसऱ्या मजल्यावर ग्राहक हजर आहे, सेवा चालू आहे. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे.”

ऑफिसचा फोन ठेवून मी लॅपटॉपवर सही केली. एका हाताने, वेडीवाकडी.

“झालं तुझं?” बाबांनी विचारलं.

“झालं.”

“मग ठेवतो. चहा टाकायचाय.”

फोन बंद झाला. खाटेवरची छाती वर आली, खाली गेली, आणि पुन्हा वर आली नाही. मी हात सोडला नाही.

लॅपटॉपवर झोत उजवीकडे साडेतीन मीटर सरकला. आमचं स्वयंपाकघर त्याच बाजूला होतं.