शांत पुलावरचा दगड

दाबयंत्र सुरूही झालं नव्हतं. पुलातून काढलेल्या चुन्याच्या नमुन्याचा डॉ. मृण्मयी कर्णिकच्या चिमटीतच भुगा झाला.

"हा कधीचा?" प्राध्यापक हुदलीकरांनी विचारलं.

"आज सकाळचा, सर. मधल्या कमानीतला."

हुदलीकरांनी तो भुगा बोटांत चोळून पाहिला. कालव्यावरच्या त्या जुन्या दगडी पुलाच्या सांध्यांत त्यांनीच शोधलेला जीवचुना भरला होता. दणका बसला की त्यातले जिवाणू जागे होत आणि क्षणात भेगा दगडासारख्या सांधत. या पुलाला दणक्यांची वाण नव्हती. एका काठावर लोहारपेठ, दुसऱ्यावर मळेवाडी. कालव्याच्या पाण्यावरून दर उन्हाळ्यात पुलावर दगड, पहारी, गावठी बॉम्ब चालत आणि पूल दंगलीगणिक मजबूत होई. गेल्या खेपेला अकरा माणसं मेली, तेव्हा पूल बंद करून दोन्हीकडच्यांनी समेट केला.

"वर्षभर एक दणका नाही," मृण्मयी म्हणाली. "मग जिवाणू जगले कशावर?"

"चुन्यावरच. उपाशी राहिले की ते स्वतःचं घर खातात." हुदलीकरांनी घड्याळ पाहिलं. "पूल आजच उघडताहेत ना?"

कंपनमापक उचलून ती धावली.

दोन्ही काठांवरून शेकडो माणसं पुलावर शिरली होती. मध्यावर लोहारपेठेचे निवृत्ती लोणारे आणि मळेवाडीचे हिरामण बनकर गळ्यात गळा घालून रडत होते. दोघांचेही मुलगे त्याच जागी मेले होते. मापकाचा काटा धोक्याच्या लाल रेघेपलीकडे थरथरत होता.

"साहेब, लाठीमार करा! पूल रिकामा करा, पडतोय तो!" तिने इन्स्पेक्टर उबाळेंना गदागदा हलवलं.

"बाई, आजच्या दिवशी लाठी? डोकं फिरलंय का?"

कमानीतून चुना पाण्यात झरू लागला. लोक घाबरून पळतील, एवढंच तिच्या मनात आलं. तिने काठावरचा धोंडा उचलला आणि गर्दीत भिरकावला.

तो लोणारेंच्या कपाळावर बसला. बनकरांचा सदरा रक्ताने भिजला.

"दगा! मळेवाडीवाल्यांनी दगा केला!"

कोणीच पळालं नाही. झेंड्यांच्या काठ्या डोक्यांवर बसू लागल्या. फरशा उखडल्या गेल्या. एकाचं डोकं कठड्यावर पुन्हा पुन्हा आपटलं जात होतं आणि प्रत्येक आपटण्यासरशी मापकाचा काटा थोडा खाली सरकत होता. बनकर कालव्यात पडले, ते वर आलेच नाहीत.

उबाळेंनी हवेत गोळ्या झाडल्या. मग मागे वळून ते किंचाळले, "पडणार होता ना तुमचा पूल?"

काटा स्थिर झाला होता. कमानीतून आता काहीच झरत नव्हतं.

"नाही," मृण्मयी म्हणाली. "आता नाही पडणार."