साहेबांचे शंभर

नाशिकच्या तेजोवर्धन संशोधनशाळेत जानेवारीत सगळे स्वेटर घालून बसत. शलाका दिवेकर तेवढी पंखा लावून बसे. बसे म्हणजे आपली म्हणायची पद्धत. गेल्या आठ महिन्यांत तिला सलग पाच मिनिटं खुर्चीत कुणी पाहिलेलं नव्हतं. पेन टकटकायचं, पाय हलवायचा, समोरच्याचं वाक्य त्याच्याआधी आपणच पुरं करून उठायचं. दोन डबे खाऊनही बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या होत्या. जग मात्र दिवसेंदिवस मंद होत चाललंय, अशी तिची तक्रार होती.

तिच्या मनगटावरचा उत्साहमापक दाखवत होता : ९९.

हा मापक तिनेच बनवला होता. नाडी, त्वचेची ऊब, हातांची हालचाल आणि झोपेचे तास मोजून तो प्रत्येकाला उत्साहांक देई. पण शंभर म्हणजे नेमकं किती, हे ठरवायला कुणाचं तरी शरीर प्रमाण म्हणून धरावं लागणार होतं. संस्थेत नारळ संचालक सबनीस साहेब फोडत, फीतही तेच कापत. तेव्हा प्रमाणही त्यांचंच असावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. साहेबांचं माप रोज सकाळी नव्याने घेतलं जाई. ज्याचं शरीर साहेबांच्या शरीराशी जितकं जुळेल, तितका त्याचा अंक शंभराजवळ.

एप्रिलअखेर ज्याचा अंक सर्वांत वर, तो नागपूरच्या नव्या शाखेचा प्रमुख होणार होता. चाळीसच्या खाली जो असेल त्याला नारळ. स्टोअरमधले ढवळे बत्तिसावर होते आणि ही बातमी त्यांना तीनदा सांगावी लागली होती.

रविवारी शलाका आत्याकडे गेली. डॉक्टर इंदुमती आत्यांनी चहाच्या कपातून बशीत सांडलेला चहा पाहिला आणि शलाकाकडे पाहिलं.

"हात पुढे कर. बोटं ताठ." त्यांनी पंजावर एक कोरा कागद ठेवला. कागद वाऱ्यावर धरल्यासारखा थरथरू लागला.

"उत्साह गं, आत्या."

"नाडी एकशे चोवीस आहे तुझी. बसल्या जागी! जिना चढताना मांड्या भरून येतात? केस गळतात?"

"कामाचा ताण असतो ना."

"खाणं दुप्पट आणि वजन नऊ किलो कमी, हाही ताणच? उद्या रक्त दे."

मंगळवारी अहवाल आला. आत्यांनी समजावलं, "मेंदू थायरॉइडला काम करायचा निरोप पाठवतो. तुझ्या मेंदूने निरोप पाठवणं जवळपास बंद केलंय, तरी ग्रंथी धावतेच आहे. तुझा मापक उत्तम आहे हो. रोग बरोबर ओळखतो. फक्त त्याला उत्साह म्हणतो."

"गोळ्या घेतल्या तर माझा अंक पडेल. नागपूर जाईल."

"आणि नाही घेतल्यास तर एक दिवस हृदयाचा ताल बिघडेल. मग नागपूरला कोण जाणार, तुझा फोटो?"

शलाका येरझारा घालत राहिली आणि खिडकीपाशी एकदम थांबली. नव्व्याण्णव हा रोग असेल, तर शंभर काय?

साहेबांचे डोळे तिला आठवले. खोबणीतून बाहेर आलेले, पापणी न लवणारे. संस्थेत त्याला दरारा म्हणत. म्हणजे साहेबांनीही गोळ्या घेतल्या तर प्रमाणच खाली येईल आणि आपण त्याच्यासोबत. तब्येतही राहील, नागपूरही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "साहेब, हा कागद जरा हातावर धरता?"

"सही कुठे करायची?"

"करायची नाही. नुसता धरायचा."

कागद फडफडला. शलाकाने सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा उत्साह हा रोग आहे?"

"माझाही, साहेब. माझे नव्व्याण्णव आहेत, तुमचे शंभर."

"म्हणजे यातही मीच पुढे," साहेब समाधानाने म्हणाले. मग ते त्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. "तीन महिन्यांत ताळ्यावर येईल म्हणतात. आपण दीड महिन्यात उरकू."

शलाकाने गोळ्या नेमाने घेतल्या, दर महिन्याला रक्त दिलं. मार्चमध्ये तिने एक अख्खी बैठक बसून ऐकली. लोक मंद नव्हतेच; त्यांना वाक्यं पुरी करायची असत, इतकंच. मार्चभर तिचा अंक नव्वदीत राहिला. एप्रिलमध्ये मात्र तो रोज थोडा घसरू लागला. तिची नाडी बहात्तरवर स्थिर होती, तरीही.

तीस एप्रिलला सभागृहात निकाल लागला. बाहेर एकेचाळीस अंश ऊन होतं, आणि साहेबांनी सगळे पंखे बंद करायला लावले होते.

पडद्यावर पहिलं नाव आलं : ढवळे, ९८. शलाका दिवेकर, ५४.

शलाकाने हातातल्या चहाकडे पाहिलं. काठोकाठ भरलेला कप, आणि वर एक तरंगही नाही. नागपूर गेलं होतं. तिने शेजारी बसलेल्या साहेबांकडे नीट पाहिलं. चेहरा सुजलेला, पापण्या जडावलेल्या.

"साहेब, गोळी किती घेता?"

"दुप्पट," साहेब म्हणाले. बऱ्याच वेळाने त्यांनी वाक्य पुरं केलं. "दुप्पट... वेगाने... गुण येतो."

"आणि रक्ताची तपासणी?"

"वेळ... कुठे... असतो?"

मंचावर ढवळ्यांना शाल आणि श्रीफळ दिलं गेलं. अशा वेळी माणूस शाल लगेच काढून घडी घालतो. ढवळ्यांनी ती कानांवरून ओढून घेतली, छातीशी घट्ट आवळली आणि कृतज्ञतेने डोळे मिटले.

शलाकाने आत्याला फोन लावला. "आत्या, आता उलटी लक्षणं सांग."

"थंडी वाजते, सूज येते, झोप अनावर होते, बोलणं संथ होतं. का गं? कुणाला झालंय?"

"साहेबांना. जास्त गोळ्या खाऊन." तिने मंचाकडे पाहिलं. ढवळे उभ्या उभ्या घोरू लागले होते. "आणि एकाला बिनगोळ्यांचं. बहुधा कित्येक वर्षं. आम्ही त्याला नारळ देणार होतो."

"मग?"

"दिला. शालीसकट."