गिरजामावशीची बांधणी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. ऐकीव असती तर मी लिहायच्या भानगडीत पडलेच नसते.

खरं सांगते, मला भुताखेतांच्या गोष्टींचा मनापासून कंटाळा. आमच्या कासू गावाच्या बाजूला प्रत्येक वळणावर म्हणे कोणी ना कोणी उभं असतं. मला आजवर एकही दिसलेलं नाही. तेव्हा वाचून हसायचं तर खुशाल हसा.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. दिवाळी तोंडावर आलेली, रविवार, आणि लाइनच्या कामासाठी रोह्याच्या एमआयडीसीतली वीज सकाळपासून बंद.

वीज बंद होती... एवढं ध्यानात ठेवा.

मी नम्रता. रोह्याला विजेच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. पंपाला असतात ना, तसल्या, पण मोठाल्या. कंपनीचं नाव विचारू नका, मला तिथंच नोकरी करायचीय.

मोटारीच्या आत तांब्याच्या तारेच्या कॉइल बसवतात. त्यांची टोकं बाहेर येतात, ती दोऱ्यानं एकमेकींना बांधावी लागतात. नाहीतर मोटार फिरली की ती थरथरतात, घासतात आणि मग धूर. दोरा सैल राहिला तर उपयोग नाही. जास्त ओढला तर तारेवरचं कोटिंग जातं. म्हणून ही बांधणी हातानंच करतात.

माझी सख्खी मावशी, गिरजाबाई, आमच्याच लाइनीवर बांधणीला होती. लहानपण सगळं पेणच्या खाडीकडच्या मिठागरात गेलेलं. हात राठ, पण दोऱ्यावर फिरले की बघत राहावं. तिची एक सवय होती. दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं करायची.

"मावशे, वार्निशचे हात हायत, तोंडात काय घालतेस!" मी ओरडायची.

"गप गो. ओलं टोक सरळ जातं," ती म्हणायची.

कंपनीत संशोधनाचा वेगळा विभाग आहे. तिथले प्रविण सर बरेच महिने एका मशीनच्या मागे होते. काचेची खोली, आत दोन यांत्रिक हात. कॉइल गुंडाळायला ते कधीच शिकले होते. बसवायलाही शिकले. बांधणी मात्र जमत नव्हती. म्हणून सरांनी मावशीच्या हातात सेन्सरवाले मोजे चढवले. बोट किती वाकतं, दोरा किती ओढते, कुठं जरा थांबते... सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं. तेच मशीनला शिकवलं.

मावशीला भारी मजा वाटायची. "माझे हात शाळेत मास्तर झाले गो," म्हणायची.

आणि खरंच जमलं की! मशीननं पहिली बांधणी केली तेव्हा सरांनी सगळ्या लाइनीला पेढे वाटले. माणूस चांगला आहे, उगाच त्याच्यावर राग नको.

मग पावसाळ्यात नागोठण्याला पाणी भरलं. मावशी त्या पाण्यातून चालत घरी गेली. ताप आला, डोळे पिवळे झाले. लेप्टो निघालं. आठवड्याच्या आत संपलं सगळं.

दवाखान्यात माझा हात धरून ती एकच बोलली होती. "नमे, पोरीला नर्सिंगला घाल. शेडमधी नको गो ठेवूस."

पोरगी म्हणजे दिशा. मावशीची एकुलती एक. बाप आधीच गेलेला. आईमागे कंपनीनं तिला त्याच काचेच्या खोलीत मदतनीस म्हणून घेतलं होतं. मी धावपळ करून अलिबागला नर्सिंगची सीट मिळवली. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी सकाळी तिनं तिथं हजर व्हायचं, नाहीतर सीट गेली.

पण दिशा तयार होईना.

दिवसभर काचेपाशी उभी राहायची. जेवायची नाही. हाडं दिसायला लागली पोरीची.

"ताई, आईचे हात हायत ते. बघ ना, कशी गाठ मारते."

आणि खोटं कशाला बोलू, दिसायचे तसेच. गाठीआधी मनगटाला तो बारीक झटका... मावशीच. तरी मी तिला झापायची. "लोखंड हाय ते! चल, डबा खा!"

मग एकेक सुरू झालं.

मशीन शेवटची गाठ मारायचं आणि थांबायचं. प्रोग्राम तिथं संपतो. पण ते थांबून... बांधलेल्या कॉइलवरून हळूच पंजा फिरवायचं. एकदा. मग जागेवर.

सरांनी सगळं रेकॉर्डिंग तपासलं. ती हालचाल त्यात कुठेच नव्हती.

एकदा सकाळी मी खोली उघडली. रात्रभर कुलूप होतं. मशीनच्या पंजात दोरा तसाच अडकलेला होता. मी काढायला गेले...

टोक ओलं होतं.

वर पाइप नाही, एसीचं पाणी नाही. मी तो दोरा फेकून दिला आणि हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. दिशाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती तिथंच मुक्काम ठोकून बसली असती.

त्याच आठवड्यात सर म्हणाले, "सोमवारी जुना डेटा काढतोय. आता पाच-सहा जणींच्या हातांचा मिळून नवीन घालू. जास्त पक्कं काम होईल."

दिशा तिथंच उभी होती. तिनं फक्त काचेवर हात ठेवला.

आता तो रविवार.

सोमवारच्या कामासाठी खोली रिकामी करायची म्हणून मला बोलावलं होतं. गेटवर वॉचमन होते, त्यांना सगळे दाजी म्हणतात. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "तुमची दिशा मघाशीच आत गेली. तुम्ही पाठवलीत ना?"

मी कुठली पाठवतेय! सकाळी मी तिला घरी अलिबागची बॅग भरायला बसवलं होतं.

मी तशीच आत धावले.

वीज नसली की आमची शेड कशी होते माहितीय? रोज कानात घुमणारा पंख्यांचा, मशीनचा आवाज नसतो. स्वतःच्या चपला ऐकू येतात. पत्र्याच्या फटीतून तेवढा उजेड. आणि त्या शांततेत...

सर्रर्र...

दोरा ओढल्याचा आवाज. हा आवाज मी झोपेतही ओळखीन.

सर्रर्र...

मग थांबला. गाठीआधी थांबतो तेवढाच.

मी काचेच्या खोलीशी पोचले. पॅनलवरचा एकही दिवा लागलेला नव्हता.

दिशा आत स्टुलावर बसली होती. मशीनकडे पाठ करून. डोळे मिटलेले, केस मोकळे सोडलेले.

आणि ते दोन लोखंडी हात तिची वेणी घालत होते.

देवाशप्पथ सांगते. केसांत पांढरा दोरा गुंफून, शांतपणे, एकेक पेड उचलून. रोज सकाळी कामाला निघायच्या आधी मावशी दारात बसून पोरीची वेणी घालायची, अगदी तशी.

"दिशे!" "उठ गो! उठ तिथून!"

तिनं डोळे उघडले. डोळ्यांत पाणी.

"ताई... मी मघाशीच उठणार होते. आई सोडत नाय गो."

आणि दोरा आवळला गेला. तिची मान मागे ओढली गेली. कपाळावरची कातडी ताणून भुवया वर गेल्या. पोरगी किंचाळली.

मी लाल बटणावर हात मारला. पण बंद कशाला करायचं? चालूच नव्हतं काही! टेबलावरची कात्री घेतली आणि आत शिरले. कात्री जवळ नेली तशी हातांनी अजून ओढलं. दिशाचे पाय जमिनीवरून उचलले गेले. मी कात्री टाकली.

"मावशे, मरंल ती!" मी रडत ओरडले. "तूच म्हणालीस ना शेडमधी नको! मग काय करतेस हे?"

सर्रर्र...

तेव्हा मला काय सुचलं, कसं सुचलं, देव जाणे. भीतीनं डोकं बंद पडलेलं आणि हात मात्र कामाच्या सवयीनं पुढं गेला.

आमच्या लाइनीवर एक रीत आहे. बांधणी अर्धी असताना कुणाला उठावं लागलं तर दोरा तसाच सोडत नाहीत. ताण गेला की केलेलं सगळं सैल पडतं. म्हणून दुसरी बाई येते, पहिलीच्या हातावर आपला हात ठेवते, तिच्या बोटांमागून दोरा पकडते आणि म्हणते, "सोड, मी धरलंय." ते ऐकल्याशिवाय पहिली सोडत नाही. घरात आग लागली तरी नाही.

मी त्या लोखंडी पंजावर माझा डावा हात ठेवला.

तो गार असायला हवा होता ना?

कोमट होता.

मी मागून दोरा मुठीत घेतला. सगळा ताण माझ्या बोटांत आला. केवढी ओढ होती ती! आणि मी म्हटलं,

"सोड मावशे. मी धरलंय."

काहीच झालं नाही. मला माझाच श्वास ऐकू येत होता.

मग पंजा उघडला. हळूच. दुसराही उघडला. आणि दोन्ही हात वीज गेल्यासारखे धाडकन खाली पडले.

दिशा माझ्या अंगावर कोसळली. पळायचं सोडून मी काय केलं असेल? मी तिची वेणी शेवटपर्यंत घातली आणि गाठ मारली. अर्धी सोडून उठायची मला हिंमतच झाली नाही. मग तिला ओढत बाहेर आणलं.

आवाज ऐकून दाजी धावत आले. आत पडलेले हात बघून म्हणाले, "लाइट तर नाय... मग हे पडलं कसं?"

मी म्हटलं, "काय नाय. चला."

सोमवारी मी स्वतः दिशाला अलिबागला सोडून आले. यावेळी ती एका शब्दानं नाही म्हणाली नाही. सरांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. मशीनच्या नोंदी काढून बघितल्या. रविवारी काहीच चाललं नव्हतं. कसं चालेल?

"नम्रता, तुम्ही खोटं बोलाल असं मला वाटत नाही. पण मला हे समजत नाही," एवढंच म्हणाले. डेटा त्याच दिवशी काढला. नव्या डेटावर मशीन छान चालतं. पंजा फिरवत नाही, थांबत नाही. तरी सर आता त्या खोलीत एकटे जात नाहीत, हे मी बघितलंय.

दिशा तिकडे रमली. मैत्रिणी झाल्या, अंग धरलं, फोनवर खिदळते. माझ्या जिवाला केवढं बरं वाटतं म्हणून सांगू!

इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण त्या दिवसापासून माझी डावी मूठ नीट उघडत नाही.

दोरा धरल्यासारखी मिटते. भाकरी थापताना, कपडे पिळताना. रोह्याच्या डॉक्टरांनी तपासलं, शिरा ठीक, हाडं ठीक. आमचे हे, जितेश, आधी चिडवायचे. "मुठीत काय लपवलंय, दाखव तरी." एकदा त्यांनी जोर लावून बोटं उघडायला घेतली. आणि पटकन हात मागे घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आतून कोणतरी ओढतंय," ते म्हणाले. तेव्हापासून चिडवत नाहीत.

मलाही लागते ती ओढ. बारीकशी. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी असल्यासारखी. मी गाठ मारली होती, नीट मारली होती. मग ताण का जात नाही? आणि ज्या बाईनं मरताना पोरीला शेडमधून काढ म्हणून सांगितलं, ती पोरीला अशी धरून ठेवील? की मी जिच्या हातातून दोरा घेतला, ती मावशी नव्हतीच?

दिवाळीत दिशा चार दिवस आली होती. माझ्यापुढं पाठ करून बसली, टीव्ही बघत. माझी मूठ आपसूक उघडली... आणि हात तिच्या केसांकडे गेला. मी पाठवला नव्हता. मी उजव्या हातानं मनगट धरलं आणि मोरीत जाऊन दार लावून बसले. तिला वाटलं मला उलटी झाली.

तेव्हापासून मी काही ना काही कारण काढून तिला येऊ देत नाही. परीक्षा आहे, अभ्यास कर, गाडीला गर्दी असते.

आत्ता हे एका हातानं मोबाईलवर लिहितेय. मधेच तिचा फोन आला.

"ताई, शिमग्याला येतेच मी. काय ऐकणार नाय तुझं. त्या रविवारनंतर कुणी वेणी घालून दिली नाय गो. तू घालशील ना?"

मी काय बोलले ते मलाच आठवत नाही. ये म्हणाले की नको म्हणाले, खरंच आठवत नाही.

फोन ठेवला तेव्हा माझी डावी मूठ उघडलेली होती.