रिकाम्या खोलीत ‘माल’

दार लोटून घ्या रे, वारा येतोय. आणि जेमी, शिडीवरून खाली ये, दिवसभराचं काम झालं. हेडली सटक्लिफ तुम्हाला माहीत आहे ना, प्लास्टरवाला? हल्ली मान वर करून छताकडे बघतसुद्धा नाही तो. का, ते ऐका.

गेल्या नोव्हेंबरातली अकरा तारीख, मंगळवार. संध्याकाळी हेडली हॅलिफॅक्सच्या इस्पितळात थोरल्या भावाला भेटायला गेला. दोघं जन्मभर जोडीनं काम करत आले. हेडली पाडावर, म्हणजे कामाच्या मचाणावर, उभा राहून ओल्या चुन्यावरून नक्षीचा साचा ओढायचा आणि नॉरिस खालून चुन्याचा माल कालवून फळीवर वर द्यायचा. टेकडीवरच्या त्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या घरात बैठकीच्या खोलीत एका भिंतीची कंगणी, म्हणजे भिंत छताला मिळते तिथली नक्षीची पट्टी, गळतीनं कोसळली होती. जुन्या तुकड्यावरून नॉरिसनं जस्ताचा साचा कापला, एकेक कंगोरा जिवापाड जपून. मग त्याच्या फुप्फुसांनी हात टेकले.

“झाली का रे भिंत, धाकट्या?”

“कशी होणार? बकरीचे केस संपलेत. केसाशिवाय माल लाकडाच्या पट्ट्यांना धरत नाही. नवे केस शुक्रवारी येतील.”

“मग माझे घे की! इथं कुणाला दाखवायचेत?” नॉरिस हसला, मग बराच वेळ खोकत राहिला. सत्तरी उलटली तरी डोक्यावर पांढरंशुभ्र रान होतं, आणि त्याची मिजास केवढी! जाताना त्यानं हेडलीचा हात सोडला नाही. “शुक्रवार कुणी बघितलाय? उद्या सकाळी पुऱ्या भिंतीचा फोटो दाखव. माझा साचा कसा उठलाय, तेवढं बघायचंय मला.”

हेडली तडक त्या घरात गेला. एकटाच. केस नसले तर नसले, म्हणाला.

आपल्या धंद्यात एक गोष्ट कुणी करत नाही, पोरांनो. खाली माणूस नसताना पाडावरून ‘माल’ अशी हाक मारायची नाही. जोडीदार असेल तिथून उठून येतो, म्हणतात. हेडली या गोष्टीला हसायचा.

मध्यरात्र उलटेपर्यंत त्यानं दोनदा थर लावला आणि दोनदा तो सगळा तोंडावर कोसळला. खाली उतरून माल कालवावा, वर येईतो तो घट्ट व्हावा. एकट्याचं काम नव्हे ते. हेडली पाडावर बसून लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून पुन्हा उठला. या खेपेला थोडं धरलं. साचा सरकायला लागला. अर्ध्या भिंतीवर फळीवरचा माल संपला. साचा थांबवला तर तिथं सांधा दिसतो, कायमचा. नजर कंगणीवर ठेवून, जन्माच्या सवयीनं, तो ओरडला,

“माल!”

घर गप्प.

मग डाव्या कोपराला फळी टेकली. हळूच. नॉरिस टेकवायचा तशी.

हेडलीनं खाली बघितलं नाही. हात घातला. ओला, गार माल. आणि त्यात... केस होते. लांब. मऊ.

बकरीचे केस राठ असतात.

त्याला कळलं. तिथंच थांबता आलं असतं. पण भिंत अर्धी होती, आणि सकाळ जवळ येत होती. भावाला भिंत बघायची होती...

“माल.”

पुन्हा फळी. खालून खोकल्याची ढास.

“माल...”

फळी आली. खोकला बारीक झाला होता.

“माल, नॉरिस... थोडाच राहिलाय...”

या वेळी फळी यायला उशीर लागला. पण आली. कोपऱ्यात साचा पोचत नाही. तिथं त्यानं बोटांनी कंगोरे काढले. डोळ्यांतलं पाणी गालावरच्या चुन्यात मुरत होतं.

“पुरे, नॉरिस. झालं बघ.”

...

त्यानं खाली बघितलं. कुणी नव्हतं.

पहाटे फोटो काढून तो इस्पितळात धावला. नर्स दारातच भेटली. म्हणाली, “रात्री चांगले होते हो ते. उठून बसले, चहा मागितला, सकाळी फोटो येणार म्हणून सगळ्यांना सांगत होते. मग दोनच्या पुढं एकदम धाप लागली, जड ओझं उचलावं तशी. थोडं थांबायची, पुन्हा लागायची. चौथ्या वेळेला गेले.”

हेडलीनं मिटलेल्या डोळ्यांपुढं फोन धरला. बराच वेळ धरला. नर्स घुटमळली. मग हळूच म्हणाली, “एक विचारू? काल तुम्ही त्यांचे केस कापलेत का?”

उशीवर नॉरिसचं डोकं उघडं होतं. खुंटसुद्धा नव्हता.

तेव्हापासून हेडली भेटेल त्याला एकच विचारतो. मी हाक मारली नसती, तर सकाळ बघितली असती का रे त्यानं?

त्या कोपऱ्यात कंगणीतून एक केस बाहेर आलाय. पांढरा, वीतभर. रंगाऱ्यानं ओढून बघितला, निघेना. मग मी शिडी चढलो. चिमटीत धरला आणि ओढला.

आतून कुणीतरी हळूच परत ओढला.