तातडीच्या वेळी कोणाला कळवावे

बॅगेचा बंद तुटला तो नेमका शनिवार पेठेत, भर बाराच्या उन्हात, एका सॅकच्या दुकानासमोर. भाग्यश्री मंडईतून येत होती. बॅगेतून आधी चार पेरू सुटले, मागोमाग दोन टॉर्च, एक शिट्टी, मेणबत्त्यांचं पुडकं... आणि शेवटी क्रेप बँडेजची गुंडाळी जी उलगडत निघाली ती थेट दुकानाच्या पायरीला जाऊन टेकली. काउंटरमागचा तरुण उठला. त्याने बँडेज शांतपणे पुन्हा गुंडाळलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"लढाईवर निघालात की सहलीला?"

"दोन्हीला चालेल अशी बॅग आहे का तुमच्याकडे?" तिनेही पेरू वेचता वेचता विचारलं.

त्याने तुटक्या बॅगेवरचं कंपनीचं नाव वाचलं. ही बॅग नव्हेच, तो म्हणाला, ही कंपनीची जाहिरात आहे आणि ती तुम्ही फुकटात खांद्यावर मिरवताय. भाग्यश्रीला राग यायला हवा होता. पण बोलता बोलता तो खाली वाकून तिसरा पेरू फळीखालून काढत होता, त्यामुळे तो राग काही नीट जमला नाही.

त्याचं नाव सुदर्शन. त्याचे वडील दत्तोबा यांनी कॅनव्हासच्या पिशव्या शिवता शिवता हे दुकान उभं केलं होतं आणि ते गेल्यापासून दोन वर्षं तो एकटाच ते चालवत होता. भाग्यश्री यवतमाळकडच्या दारव्ह्याची. हिंजवडीत एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची, सकाळी कंपनीच्या बसने जायची, संध्याकाळी त्याच बसमध्ये पेंगत परत यायची. महिन्यापूर्वी ऑफिसात आग लागल्याची रंगीत तालीम झाली होती. भोंगा वाजला, सहाव्या मजल्यावरून सगळे खाली उतरले आणि आवारात आल्यावर भाग्यश्रीच्या लक्षात आलं की पायात चप्पल नाही, पर्स वर राहिली आहे आणि हातात मात्र कंप्यूटरचा माऊस आहे. लोक हसले. तीही हसली. पण रात्री तिला झोप लागली नाही. खरंच आग लागली असती तर आपण माऊस घेऊन कुठे जाणार होतो, आणि कोणाकडे?

तेव्हापासून तिने यादी करायला घेतली होती. सोमवार ते शुक्रवार टेबलाखाली तयार राहील आणि रविवारी गडावर जाईल अशी एकच बॅग तिला हवी होती.

"यादी बघू," सुदर्शन म्हणाला. त्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग कानावरची पेन्सिल काढून त्यातल्या अकरा वस्तू खोडल्या.

"अहो, मेणबत्त्या कशाला खोडल्या?"

"टॉर्च दोन आहेत. मेणबत्ती लावून तुम्ही कोणाचा वाढदिवस करणार आहात गडावर?"

तिला पन्नास लिटरची सॅक हवी होती, तो पंचविसाच्या वर जायला तयार नव्हता. बॅग मोठी घेतली की माणूस ती भरतोच, असं त्याचं म्हणणं, आणि भरलेली बॅग जिन्यावरून पळताना कोणी उचलत नाही. मग त्याने शिंप्याची टेप काढली. बॅग उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर घ्यायची असते म्हणे. टेपचं एक टोक त्याने तिलाच मानेच्या हाडावर धरायला लावलं, दुसरं कमरेपाशी नेलं, आणि एवढं सगळं करताना त्याचा हात एकदाही तिच्या पाठीला लागला नाही. ती मात्र पूर्ण वेळ श्वास धरून उभी होती. आपण श्वास का धरलाय, हा प्रश्न तिला बसमध्ये चढल्यावर पडला.

एका शनिवारात बॅग घेऊन मोकळं व्हायचं काम. पण या दुकानात बॅग अशी चटकन मिळत नसे. दुसऱ्या शनिवारी त्याने निवडून ठेवलेल्या राखाडी सॅकमध्ये वाळूच्या पुड्या भरल्या आणि तिला शेजारच्या इमारतीचे तीन मजले चढून यायला सांगितलं. ती धापा टाकत खाली आली तर हा पट्ट्या बघत होता. खांद्यावर रुततंय का? कमरेचा पट्टा बांधला होता की नुसताच लोंबत होता? पाण्याची बाटली बॅग न काढता हाताला लागते का? इतक्या बारकाईने तिला पुण्यात कोणी काही विचारलं नव्हतं. मेसवाल्या सोजरबाईसुद्धा फक्त "पोळ्या किती?" एवढंच विचारायच्या.

ती त्याला उलट विचारू लागली. तुम्ही गडावर जाता का? जातो. कोणाबरोबर? बॅगेबरोबर. आणि तरी पुढचा शनिवार कधी येतो, असं तिला झालं.

इकडे घरून रोज फोन. मोबाइलवर येणारा फोन फुकट झाल्यापासून आईला बोलायला जोर चढला होता. कंपनीचं नागपूरला नवं ऑफिस निघत होतं, विदर्भातल्या मुलांना बदली मागता येणार होती आणि त्याचा फॉर्म सोमवारी भरायचा होता. आईचा मुद्दा एकच, पण तो खोडता येत नव्हता.

"तिथं तुयं हाये कोन? पडली-गिडली तं धावून कोन येईन?"

भाग्यश्रीला पुणं सोडायचं नव्हतं. का, ते मात्र आईला सांगता येईना. सोमवारच्या आत या प्रश्नाला उत्तर द्यायचं, नाहीतर नागपूरला जायचं, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं.

आणि तिसऱ्या शनिवारी तोच प्रश्न दुकानाच्या काउंटरवर छापील स्वरूपात पुढे आला. सॅकच्या वरच्या कप्प्यात एक पारदर्शक खिसा होता. त्यात ठेवायचं कार्ड सुदर्शनने तिच्यासमोर ठेवलं. नाव. रक्तगट. तातडीच्या वेळी कोणाला कळवावे. फोन. नातं.

"दीड तासात पोचू शकेल असा माणूस लिहायचा," तो म्हणाला. "कार्ड भरल्याशिवाय आम्ही बॅग देत नाही."

हा नियम दत्तोबांचा. फार पूर्वी एक कॉलेजचा मुलगा गडावर पडला होता. चार दिवस दवाखान्यात निनावी पडून होता, कारण त्याच्या बॅगेवर या दुकानाच्या शिक्क्याशिवाय काहीच नव्हतं. शेवटी कोणीतरी ती बॅग घेऊन दुकानात आलं, तेव्हा कुठे घरचा पत्ता लागला. मुलगा बरा झाला, पण दत्तोबांनी त्याच आठवड्यात कार्डं छापून घेतली.

भाग्यश्रीने नाव लिहिलं. रक्तगट लिहिला. मग पेन थांबलं. दारव्हा रात्रभराच्या अंतरावर. खोलीतली मैत्रीण लग्न करून गेलेली. पुण्यात चार वर्षं झाली आणि या एका ओळीत लिहायला आपल्याकडे नाव नाही... तिचे कान गरम झाले. 'माझं कोणी नाही' हे याच्यासमोर म्हणायचं? त्यापेक्षा जीभ हासडून घेतलेली बरी. समोर पावतीपुस्तकावर दुकानाचा नंबर छापलेला होता. तिने हाताच्या आडोशाने तोच उतरवला, वर 'तात्याराव' असं एक भारदस्त नाव ठोकून दिलं आणि नात्यापुढे लिहिलं, काका.

सुदर्शनने कार्ड सॅकच्या खिशात सरकवलं. "उद्या सिंहगड चढून या. पसंत पडली तर ठेवा, नाहीतर परत आणा."

दुसऱ्या दिवशी चढताना सॅक पाठीला अशी बसली की तिला तिचा विसरच पडला. घात उतरताना झाला. पायथ्याच्या थोडं वर बारीक खडीवरून पाय घसरला, घोटा मुरगळला आणि ती मटकन खाली बसली. ऑफिसच्या ग्रुपची पुढारी रूपाली, मोठी शिस्तीची बाई. तिने दोघांच्या आधाराने भाग्यश्रीला खालच्या झोपडीवजा हॉटेलात आणून बसवलं आणि बॅगेचा वरचा कप्पा उघडला.

"अगं, कार्ड आहे की! वा."

"रूपाली, नको... थांब, तो नंबर—"

रूपालीने फोन लावलासुद्धा. दुपारचे दीड वाजले होते. एक ते चार दुकान बंद, हे भाग्यश्रीला तोंडपाठ होतं. या वेळात सुदर्शन शटर ओढून आत झोपतो आणि फोन कितीही बोंबलला तरी उचलत नाही, हे त्यानेच तिला अभिमानाने सांगितलं होतं. वाजून वाजून बंद होईल, तिने मनाशी म्हटलं.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"तात्याराव काका का? तुमच्या पुतणीचा पाय मुरगळलाय," रूपाली म्हणाली.

पलीकडे खुर्ची करकरली. मग भाग्यश्रीलाही ऐकू आला, तो एकच शब्द. "कुठे?"

पन्नास मिनिटांत स्कूटर येऊन थांबली. हेल्मेट निघालं आणि काकांचं वय जेमतेम अठ्ठावीस निघालं. रूपालीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भाग्यश्रीकडे, आणि बाकीच्यांना घेऊन ती भजी खायला शेजारच्या हॉटेलात गेली.

तो खाली गुडघ्यावर बसला. बँडेज तिच्याच बॅगेतून, न शोधता, बाहेरच्या कप्प्यातून काढलं. घोट्याला वेढे देत राहिला. आज हात पायाला लागत होता आणि दोघंही त्याबद्दल काही बोलत नव्हते.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने शेवटी विचारलं.

"आमचा नंबर लहानपणापासून पाठ आहे. उलटासुद्धा वाचता येतो मला."

"काल वाचला होतात? मग काल बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही खोडला असता," तो वेढा घट्ट करत म्हणाला. "मला तो खोडायला नको होता. सकाळपासून फोनजवळ बसून आहे. जेवलोही नाही."

इतकं सरळ तो पहिल्यांदाच बोलला होता. त्याने पाठीवरून उतरवून ठेवलेली जुनी सॅक तिने पुढ्यात ओढली. त्याच्याबद्दलचं कुतूहल तर पहिल्या शनिवारपासूनचं. वरच्या कप्प्यात कार्ड होतं. दत्तोबांचं नाव एका रेघेने खोडलेलं. खाली नंबर... तोच, दुकानाचा. नातं: स्वतः.

"अहो, आणि तुम्ही पडलात तर हा फोन उचलणार कोण?"

सुदर्शनने बँडेजचं टोक खोचलं आणि खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिने 'स्वतः' खोडलं. आपलं नाव लिहिलं, आपला मोबाइल नंबर लिहिला, आणि नात्याची ओळ कोरी ठेवली.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली, लंगडता पाय पुढे कसाबसा टेकवून आणि हात नाइलाजाने त्याच्या खांद्यावर ठेवून. नाइलाज फार आवडण्यासारखा होता. दुकानात पोचल्यावर त्याने शटर वर केलं, तिच्यासाठी खुर्ची ओढली. तिच्या मोबाइलची बॅटरी गेलेली. आई एव्हाना कासावीस झाली असणार, म्हणून तिने काउंटरवरचा फोन ओढून घरी लावला.

पाय मुरगळल्याचं ऐकताच आईने तोच पाढा सुरू केला, उद्या फॉर्म भर म्हणून. भाग्यश्रीने तिला पुरतं बोलू दिलं.

"आई, फॉर्म नाही भरत मी. हा नंबर लिहून घे. मला काही झालं तर इथे फोन करायचा. सुदर्शन म्हणून आहे, दुकान आहे त्याचं."

"सुदर्शन? थो कोन तुया?"

भाग्यश्रीने फोनच्या तोंडावर हात ठेवला. तो समोर, हातात त्याचं कार्ड घेऊन, त्या कोऱ्या ओळीकडे बघत उभा होता.

"आई विचारतेय," ती म्हणाली, आणि अहो-जाहो तिथेच गळून पडलं. "कोण आहेस तू माझा?"

"काका नाही, एवढं सांग."

ती हसली. हसता हसता डोळे भरून आले. मग हात काढून ती फोनमध्ये स्वच्छ म्हणाली, "माझा माणूस आहे, आई. आवडतो मला."

दारव्ह्याकडून कागद सरकल्याचा आवाज आला, पेन शोधल्याचा आवाज आला.

"सांग नंबर," आई म्हणाली. तिने तो दोनदा वाचून घेतला. "दुकानवाला हाये म्हंते. पुन्याचे दुकानवाले दुपारी झोपते म्हंते. दुपारी उचलते का थो फोन?"

भाग्यश्रीने सुदर्शनकडे पाहिलं. तो मान खाली घालून कार्डावरची शेवटची ओळ भरत होता.

"माझा उचलतो," ती म्हणाली.